जलपर्णीच्या निविदेआधी नाल्यांचा हिशेब द्या

मा. महापालिका आयुक्त,

जलपर्णी काढण्याची यंदाचीही निविदा निघाली, अभिनंदन! आमच्या तक्रारींचे उत्तर बहुधा पुढच्या निविदेसोबत येईल. आता पोकलेन उतरेल, काठावर हिरवे ढीग लागतील, फोटो निघतील. त्या ढिगात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेले तिथेच कुजून पहिल्या पावसात पुन्हा पात्रात. अनुकूल पाण्यात ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. ठेकेदाराने सोळापैकी पंधरा भाग साफ केले (असे होत नाही, पण धरून चालू), तरी उरलेला एक भाग दोन महिन्यांत पात्र भरून टाकतो. फुगीर देठांच्या बुडातून आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला नवे रोप. बी तर गाळात पंधरा-वीस वर्षे तग धरते.

'वनस्पती परदेशी, आम्ही काय करणार?' हे आपल्या कार्यालयाचे आवडते उत्तर. ती दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आली, बंगालमध्ये माजली आणि १९३६ मध्ये तिथे तिच्यासाठी कायदा करावा लागला, हे खरे. पण इथे तिला रोज खाऊ कोण घालते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील शहरांचे सांडपाणी रोज ९,१०७ दशलक्ष लिटर, उभारलेली शुद्धीकरण क्षमता ६,८९० आणि प्रत्यक्ष प्रक्रिया ४,२४२. म्हणजे रोज ४,८६५ दशलक्ष लिटर, निम्म्याहून जास्त, प्रक्रियेविना. उभारलेल्या क्षमतेतलीही २,६४८ दशलक्ष लिटर वापराविना पडून. तेव्हा 'प्रकल्पांना निधी नाही' ही सबब अर्धीच चालते. नायट्रोजन-फॉस्फरसचे हे ताट वाढून ठेवायचे आणि जेवायला आलेल्या पाहुणीला दरवर्षी ठेका देऊन हाकलायचे, याला नदीसुधारणा म्हणत असाल तर म्हणा.

जलपर्णी पाणी शुद्ध करते, असेही आपले अधिकारी सांगतात. ती नायट्रोजन-फॉस्फरस शोषते, पण कुजण्याआधी काढून दूर नेली तरच ते पाण्याबाहेर जातात. तणनाशक फवारले तर ती तळाशी कुजून पाण्यातला प्राणवायू खाते, मासे मरतात. तिला खाणारे भुंगे सोडण्याचा उपाय चांगला, पण त्याला वर्षे लागतात; आणि मैलापाणी तसेच चालू राहिले तर वाढ भुंग्यांच्या पुढे पळते.

म्हणून नदीत मिसळणारा प्रत्येक नाला, त्यातले रोजचे पाणी, तो कोणत्या प्रकल्पाला आणि कोणत्या तारखेपर्यंत जोडणार, ही यादी जाहीर करा. ठेकेदाराचे बिल काठावरच्या ढिगावर नको, चार महिन्यांनंतरही मोकळ्या राहिलेल्या पात्रावर काढा. उत्तर लेखी हवे. पोचपावत्या आमच्याकडे पुष्कळ आहेत.

नदीकाठचा एक करदाता