कळवा आणि मिळवा

साठीच्या पुढच्या मंडळींना भिंतींवरची ती ओळ आठवत असेल – 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा.' १९७५ च्या सुमाराची गोष्ट. त्याच वर्षीच्या मे महिन्यानंतर देशात देवीचा स्थानिक रोगी सापडला नाही आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला. श्रेय लस टोचणाऱ्यांचं आणि गावोगाव रोगी शोधत हिंडणाऱ्यांचं, पण थोडं त्या ओळीचंही आहेच. सहा शब्द! काय करायचं आणि केलं तर काय मिळणार, सांगून मोकळी.

आता पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर डेंग्यूची चित्रं येतात. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा.' कोरडा दिवस म्हटल्यावर निम्म्या पुरुषमंडळींना आठवतं ते दारूचं बंद दुकान! (हसू नका, खरं आहे.) त्यापेक्षा सरळ लिहावं – 'डेंग्यूचा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. दर रविवारी पिंप, कूलर, कुंडीखालची बशी रिकामी करा, घासा, वाळवा.' घासायचं, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. दर आठवड्याला, कारण अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. कारण सांगितलं की वर्गातली पोरंसुद्धा ऐकायची.

शब्दही जपून वापरावेत. २०२० मध्ये जिकडेतिकडे 'सामाजिक अंतर राखा' झालं होतं. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून ज्या नाशकात १९३० साली बाबासाहेबांना सत्याग्रह उभारावा लागला, तिथे हे वाचताना मला तरी कसंसंच व्हायचं. अंतर हवं होतं ते शरीराचं, सहा फुटांचं. मग तसंच म्हणायचं ना!

खोट्या निरोपांकडून मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांत माप असतं – दोन लवंगा, अर्धं लिंबू, सात दिवस. म्हणून ते लोकांच्या लक्षात राहतात. आणि खऱ्या निरोपात काय, तर 'भरपूर द्रवपदार्थ घ्यावेत'. भरपूर म्हणजे किती? पोराला जुलाब लागलेत, घरात जलसंजीवनीची पुडी नाही, अशा आईला हे सांगा – एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा. मूल मलूल दिसलं, लघवी कमी झाली, की तडक दवाखाना.

मोबाईलच्या एका पडद्यावर मावतं हो एवढं. वर गुलाबाचं फूल नसलं तरी चालेल.