वैविध्याचा उत्सव
विद्यापीठीय चर्चासत्रांतून कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा गौरव होतो, तो ‘वैविध्य’ या सोज्ज्वळ संज्ञेखाली. या संज्ञेत सारे शेजारी असतात. मालक कोणीच नसतो! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचकांना अर्पण केली, ती कौतुकासाठीच नव्हे. त्यांचा कित्ता देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी गिरवावा, ही त्यामागील मागणी होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव घेतले, तेही लढण्यासाठीच. आपल्या तौलनिक समीक्षेने मात्र बहुधा दलित व कृष्णवर्णीय साहित्याच्या साम्यभेदांच्या याद्याच केल्या. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर ज्या खडकीत राज्यकारभार करीत होता, तेथील दास्याचा इतिहास या उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत कोठे आहे?