कावळा बसला नि फांदी मोडली



सुरतेच्या आसपास उधना, पांडेसरा, कडोदरा, चलथाण या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे बहुसंख्येने राहतात. कोणी मागावर आहे, कोणी रंगाईच्या कारखान्यात, तर कोणी साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या लहानसहान धंद्यांत. सणासुदीला, लग्नकार्याला अथवा वडीलधाऱ्यांच्या आजारपणात गावाकडे धाव घ्यावी लागते. पूर्वी ताप्तीकाठची रेल्वे हाच एक आधार होता. आता ज्यांच्या गाठीला चार पैसे जमले त्यांनी जुनी मोटार घेतली आहे, आणि पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून तिला मागाहून गॅसची टाकी बसवून घेतली आहे. अशा बदल केलेल्या गाडीविषयी आज थोडे सविस्तर लिहावयाचे आहे. कारण ती वाटेत बंद पडली म्हणजे केवळ प्रवासच खोळंबतो असे नव्हे; एखाद्या कष्टाळू माणसाचे नावही तिच्याबरोबर धुळीस मिळण्याचा संभव असतो.

समजा, एका कुटुंबाने शनिवारी गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. ऑइल बदलले, हवेची जाळी साफ झाली, स्पार्क प्लग काढून पुन्हा बसविले. सोमवारी पहाटे मंडळी बारडोली, व्यारा, सोनगड या वाटेने नवापूरकडे निघाली आणि व्याऱ्यापुढे इंजिन एकाएकी बंद पडले. गाडीत पहिला उद्गार कोणता निघेल हे सांगावयास ज्योतिषी नको. "मिस्त्रीने वाट लावली!" घरी पोहोचण्याआधीच हा निकाल चार नातलगांच्या कानी जातो, आणि आठवड्याच्या आत त्या गॅरेजाकडे वळणारी दोन गिऱ्हाइके दुसरीकडे वळतात.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपले वाडवडील म्हणत. शास्त्रीपंडितांनी त्यालाच काकतालीय न्याय असे भारदस्त नाव दिले आहे. एका गोष्टीमागून दुसरी घडली एवढ्यावरून पहिलीमुळेच दुसरी घडली असे ठरत नाही. मात्र याचा अर्थ मिस्त्री नेहमीच निर्दोष असतो असाही नव्हे. कधी फांदी आधीच किडलेली असते, तर कधी कावळ्याने खरोखरच ती कुरतडलेली असते. कोणते खरे, हे पाहिल्यावाचून कळत नाही. आणि पाहण्याची एक सरळ रीत आहे.

प्रथम जिवाची काळजी. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडले की स्टेअरिंग जड होते आणि एकदोनदा दाबल्यावर ब्रेकही घट्ट लागतो. घाबरून जाऊ नये. जोर लावल्यास दोन्ही काम देतात. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, नाहीतर स्टेअरिंगला कुलूप बसेल. गाडी डाव्या कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, लाल त्रिकोण पन्नास पावले मागे ठेवावा आणि मुलाबाळांना रस्त्यापासून दूर उभे करावे. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण न चाळवता दारे उघडावीत, जवळ विडी-काडी पेटू देऊ नये आणि टाकीजवळची हाताने फिरवावयाची तोटी सहज हाती येत असेल तर बंद करावी. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्या जागी वर निघून जातो, पण बंद गाडीत तो कोंडून राहू शकतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. प्राणावर बेतले असेल तर ११२.

मग परीक्षेला सुरुवात करावी. पेट्रोलच्या इंजिनास जगावयास चार गोष्टी लागतात : हवा, इंधन, ठिणगी आणि दट्ट्याचा दाब. यांपैकी एक जरी नाहीशी झाली तरी इंजिन थांबते. बंद पडण्यापूर्वी ऑइलच्या बुधलीचा लाल दिवा लागला होता काय, हे चालकाने सर्वांआधी आठवावे. लागला असेल, किंवा गाडीखाली ऑइलचे थारोळे दिसत असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. खालचा बोल्ट किंवा ऑइल फिल्टर नीट आवळला गेला नसेल, तर ऑइलवाचून फिरविलेले इंजिन काही मिनिटांत जाम होते आणि शंभर रुपयांची चूक हजारोंच्या घरात जाते.

ऑइल जागेवर असेल तर एकदाच, थोडा वेळ स्टार्टर फिरवून कान द्यावा. स्टार्टर मुळीच फिरत नसेल तर बॅटरीच्या तारा हलवून पाहाव्यात. सर्व्हिसिंगच्या वेळी त्या काढून सैल बसविल्या जाण्याचा संभव असतो. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर, एकसुरी फिरत असेल तर टाइमिंगचा पट्टा तुटल्याची किंवा दाते सोडून सरकल्याची शंका घ्यावी. तेथेच थांबावे. पुष्कळ इंजिनांत पट्टा सुटल्यावर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि आपण जितका हट्ट करू तितके नुकसान वाढते.

स्टार्टर नेहमीसारखा फिरतो पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर बदल केलेल्या गाडीचा एक फायदा कामी येतो : तिच्याजवळ दोन इंधने आहेत. गॅसवर चालत नाही पण पेट्रोलवर चालते, असे दिसले तर दोष बहुधा गॅसच्या बाजूला आहे. टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला गॅस रिड्यूसरमधून कमी दाबाचा होऊन इंजिनाकडे जातो. त्या मार्गातील फिल्टर, विजेवर उघडणारी तोटी अथवा इंजेक्टर यांपैकी काहीतरी अडले असेल. पेट्रोलवर चालत नाही, तर किल्ली फिरवताच मागच्या आसनाखालून दोन सेकंद घरघर ऐकू येते काय ते पाहावे. ती पंपाची घरघर होय. पंप टाकीतल्या पेट्रोलातच बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. गॅस स्वस्त म्हणून महिनोन् महिने टाकी कोरडी ठेवणाऱ्यांचा पंप जळतो. ही फांदी आपल्याच हातांनी किडविलेली असते, त्यात मिस्त्रीचा दोष कोणता? म्हणून टाकीत निदान पाव भाग पेट्रोल सदैव असावे.

दोन्ही इंधनांवर गाडी मुकीच राहते, तेव्हा दोष दोहोंना समाईक असलेल्या भागात शोधावा. ठिणगीची कॉइल, मुख्य फ्यूज, इंजिनाला जोडलेली अर्थिंगची तार आणि इंजिनाचे फिरणे मोजणारा सेन्सर हे त्यातले मुख्य. स्टार्टर फिरत असता फेऱ्यांचा काटा जागचा हलत नसेल तर बहुधा तो सेन्सर अथवा त्याचे जोडपिन संशयास पात्र ठरते. गाडी थंड झाल्यावर आपोआप चालू होते आणि तापल्यावर पुन्हा मरते, हेही सेन्सरचे किंवा कॉइलचे लक्षण आहे. डॅशबोर्डावर किल्लीचे चित्र लुकलुकत असेल तर चोरीविरोधी यंत्रणेने किल्ली ओळखलेली नाही असे समजावे.

आता मागाहून बसविलेल्या गॅसकिटचे खरे वर्म पाहा. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या तारा एका नकाशाप्रमाणे जातात. किट बसविणारा मात्र त्याच तारा कापून, त्यांत आपल्या तारा जोडून, वर चिकटपट्टी गुंडाळतो. तो नकाशा कोणाही जवळ नसतो. पुढे दुसरा मिस्त्री प्लग काढताना तोच जुडगा बाजूला सारतो, आणि दोन वर्षांपूर्वीचा कच्चा जोड त्या दिवशी सुटतो. मग दोष कोणाचा? शेवटचा हात लावणाऱ्याचा, की कच्चा जोड ठेवणाऱ्याचा? स्पार्क प्लगचेही तसेच. गॅस पेटवावयास पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा निभावतो आणि गॅसवर मान टाकतो. उलट, हवेची जाळी साफ केल्यावर नळीचा पट्टा आवळावयाचा राहिला आणि सेन्सरला चुकवून हवा आत शिरू लागली, तर ती चूक निर्विवाद कालच्या कामाची होय.

म्हणून गॅरेजात परत जाताना आरोप घेऊन जाऊ नये, टिपण घेऊन जावे. कोणकोणते भाग हाताळले ते बिलावरून लिहावे. गाडी किती किलोमीटर चालली, तापल्यावर बंद पडली की खड्ड्यात आपटल्यावर, गॅसवर होती की पेट्रोलवर, कोणता दिवा लागला, हे लिहावे. अलीकडच्या गाड्यांत इंजिनाचा संगणक दोषाचे सांकेतिक क्रमांक साठवून ठेवतो. ते पुसण्याआधी मिस्त्रीकडून वाचून घ्यावेत व लिहून ठेवावेत. आधी हाताळलेले भाग, मग किटचे जोड, मग बाकी सारे, असा क्रम ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. अंदाजाने तीन भाग एकदम बदलले तर गाडी चालू होईल, पण कारण कधीच कळणार नाही.

दोष खरोखर गॅरेजाचा ठरला तर भीड धरण्याचे कारण नाही. दुरुस्ती विनामोबदला करून मागावी. नकार मिळाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो. पण आपली बाजूही स्वच्छ असली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही. गॅसचे किट मान्यताप्राप्त असावे, त्याची नोंद आर.सी. पुस्तकात असावी, विमा कंपनीला ते कळविलेले असावे आणि टाकीची दाबपरीक्षा दर तीन वर्षांनी झालेली असावी. ज्याने हे काही केले नाही, त्याची तक्रार पहिल्याच प्रश्नाला अडखळते.

आणि दोष गॅरेजाचा नाही असे निघाले तर? तर त्या मिस्त्रीला त्याच्या श्रमाचे मोल हसतमुखाने द्यावे. आणि ज्या चार नातलगांपाशी आपण त्याला दोषी ठरविले, त्या चौघांनाही खरे कारण सांगावे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा केवळ न्यायालयाच्या पिंजऱ्यापुरती नाही. रस्त्याच्या कडेला उघड्या बॉनेटपुढे उभे असतानाही ती लागू आहे. छोट्या गॅरेजवाल्याजवळ जाहिरात नसते, पाटीही कित्येकदा रंग उडालेली असते. त्याचे सारे भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास. तो तपास केल्यावाचून आपण काढून घेऊ नये.