आधी विचारा, यात काय होतं?

घरात हळदीचा प्लास्टिकचा डबा असेल तर तो एकदा रिकामा करून घासून बघा. साबण लावा, राख लावा, हात दुखेपर्यंत घासा. वास जाईल, पण पिवळेपणा जाणार नाही. हळद डब्याला वरून लागलेली नसते, ती प्लास्टिकच्या अंगात मुरलेली असते. आपला जिल्हाच हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे हा डाग आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. उन्हात चार दिवस ठेवला तर तो फिका पडतो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. फवारणीच्या औषधाचा मात्र असा भरवसा धरता येत नाही. तेही प्लास्टिकमध्ये असंच मुरतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

चैत्र-वैशाखात कुरडयांसाठी गहू भिजतो, मृगाच्या आसपास लोणचं पडतं. दोन्ही कामं आता घरापुरती राहिलेली नाहीत. लेकी-सुनांना डबे पाठवायचे असतात, गटाच्या बायकांना विकायलाही करायचं असतं. मग दहा-वीस किलोचं भांडं लागतं आणि नजर अंगणातल्या निळ्या ड्रमवर जाते. म्हणूनच हे लिहिते आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे. नणंदेच्या लग्नाच्या वर्षी वीस किलो कैऱ्या फोडून आणल्या आणि आठवडी बाजारात भंगारातून घट्ट झाकणाचा पन्नास लिटरचा ड्रम घेतला. सोड्यानं तीनदा धुतला, दोन दिवस उन्हात उपडा ठेवला. नाकाला काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दादरा सोडला तेव्हा खार छान सुटला होता, पण मोहरीच्या वासाखाली दुसराच एक वास होता. मला वाटलं, हिंग जास्त झाला. सासूबाईंनी एक फोड उचलली, जिभेला न लावता नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "हे औषध हाय." वीस किलो कैऱ्या, मीठ, मोहरी, तेल सगळं खड्ड्यात गेलं. त्या दिवशी सासूबाई घरात नसत्या तर ते लोणचं लग्नाच्या पंगतीत गेलं असतं.

वास रिकाम्या ड्रमला आला नाही, लोणच्याला आला, याचं कारण सोपं आहे. बरीचशी औषधं पाण्यात सहज विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. आपण ड्रम पाण्यानं धुतो आणि मग त्यात आंबट, खारट, तेलकट लोणचं महिनोन् महिने मुरवत ठेवतो. पाण्यानं जे निघालं नाही ते तेल काढून घेतं. म्हणून भांडं घेताना किमतीच्या आधी एकच विचारा: यात आधी काय होतं? ज्याला उत्तर सांगता येत नाही त्याच्याकडून भांडं घेऊ नका, फुकट दिलं तरी घेऊ नका. रंगाची बादलीही यातच आली. वीस लिटरची, पांढरीशुभ्र, कडीची, आणि कुरडईच्या गव्हाला अगदी मापाची दिसते. गहू तीन दिवस त्यात आंबतो, पाणी रोज बदलतो, म्हणून आपल्याला ते स्वच्छ वाटतं. ती बादली रंगासाठी बनवलेली आहे, खाण्यासाठी नाही. तिला फरशी पुसायला ठेवा.

गव्हाला स्टीलचं पिंप किंवा मोठं पातेलं चांगलं. त्यात मीठ नसतं आणि काम तीन दिवसांचं असतं. लग्नाकार्याची पातेली गल्लीत कुणाकडे तरी असतातच, ती उसनी घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र नको, आंबट पाणी त्याला खातं. लोणच्याचं गणित वेगळं आहे. मीठ आणि आंबट एकत्र आले की महिन्या-दोन महिन्यांत चांगल्या स्टीललाही बारीक टोचे पडतात. तांब्या-पितळेचं भांडं, जस्ताची बादली, तेलाचा पत्र्याचा डबा, यांत तर एक रात्रही लोणचं ठेवू नका.

लोणच्याला चिनी मातीची बरणी, तिच्यावर दुसरं काही नाही. आपल्याकडे तिला मर्तबान म्हणणारी माणसं अजून आहेत. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून असे झिलईचे मोठे रांजण जगभर जात, त्यावरून हे नाव पडलं. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता लिहितो की त्याला समुद्रप्रवासासाठी मिठात घातलेलं आलं, मिरी, लिंबं आणि आंबे भरलेली चार मर्तबानं भेट मिळाली होती. सहाशे-सातशे वर्षांत या कामाला त्याहून सोयीचं भांडं फारसं निघालेलं नाही.

घेताना बरणी बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज हवा, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. आतून हात फिरवा. झिलईवर केसासारख्या रेघांचं जाळं असेल तर ठेवून द्या. त्या रेघांत खार शिरतो आणि पुढच्या वर्षीची बुरशी तिथूनच येते. आतल्या अंगाला रंगीत नक्षी असलेली जुनी बरणी शोभेला ठेवा, अशा रंगांत शिसं असू शकतं आणि ते बघून कळत नाही.

पाच किलो कैरीला मीठ, मसाला, तेल धरून साधारण दहा लिटर जागा लागते, वर चार बोटं मोकळी. त्यासाठी एक मोठी बरणी घेण्यापेक्षा पाच-सहा लिटरच्या दोन घ्या. उचलायला सोप्या जातात, आणि एकीला बुरा आला तरी दुसरी वाचते.

इतक्या बरण्या परवडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. गटाचं पन्नास किलो लोणचं असेल तर नवीन प्लास्टिकचा डबा घ्यायला हरकत नाही. फक्त तो खाण्याच्या कामाचाच हवा. बुडाशी पेला आणि काट्याचं चिन्ह बघा. त्रिकोणातला २ किंवा ५ आकडा चांगला, पण तो प्लास्टिकची जात सांगतो, ते खाण्यासाठी बनवलंय की नाही हे सांगत नाही. म्हणून दुकानदाराला भारतीय मानक विचारा: २ आकड्याच्या पॉलिथिलीनला आयएस १०१४६, ५ आकड्याच्या पॉलिप्रॉपिलीनला आयएस १०९१०. काळे आणि गडद रंगाचे स्वस्त टब बहुतेक वेळा भंगार वितळवून केलेले असतात, ते सोडून द्या. त्याहून स्वस्त हवं असेल तर मिठाईवाल्याला किंवा बेकरीवाल्याला विचारा. त्यांच्याकडे ग्लुकोज, फळांचा गर, सॉस अशा खाण्याच्याच वस्तूंच्या झाकणाच्या बादल्या रिकाम्या होतात. त्यांत आधी काय होतं, हे लेबलावरच लिहिलेलं असतं.

भांडं कोणतंही असो, पहिले आठ-दहा दिवस फिरकीचं झाकण आवळू नका. खारातल्या मिरच्या-लिंबांना वायू सुटतो आणि काचेची बरणी तडकते. दादराच बांधा. फोडी खाली दाबायला दगड ठेवत असाल तर काळा, गुळगुळीत, उकळून घेतलेला ठेवा. संगमरवर आंबटात विरघळतो.

आणि शेतातला तो औषधाचा कॅन. औषध संपलं की तीन वेळा विसळा, विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग बुडाला खिळ्यानं चार भोकं पाडा. भोकं पाडलेला कॅन भंगारवाला कुणाच्या स्वयंपाकघरासाठी विकू शकत नाही.