इंजिन खोलण्यापूर्वी

आपल्याकडे एखादी जुनी मोटार निळसर धूर सोडू लागली की तिचा निकाल रस्त्यावरच लागतो. शेजारी म्हणतात, “इंजिन गेलं.” मेकॅनिक बॉनेट न उघडताच सांगतो, “बोअर करावं लागेल, पिस्टन-रिंगा नव्या टाकाव्या लागतील.” आणि मालक बिचारा खर्चाच्या धास्तीने मुकाट्याने मान डोलावतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, या साऱ्या प्रकारात निदान नावाची गोष्ट होतच नाही. होते ती एकदम शस्त्रक्रिया. कलाशाखेच्या मुलांनी यंत्राच्या भानगडीत कशाला पडावे, असे काही मित्र म्हणतील. पण या कामाला आधी लागतात ते डोळे, नाक आणि एक वही. पाना नंतर लागतो.

मुळात गाडी ऑइल जाळते आहे की गळते आहे, हेच पुष्कळदा कोणी पाहत नाही. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरावा आणि इंजिनाची खालची बाजू ओली आहे का ते पाहावे. कारण काही गळती इंजिन तापल्यावरच सुरू होते. मग धुराचा रंग. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरा धूर थंडीच्या सकाळी असायचाच. इंजिन तापल्यावरही तो थांबेना आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. निळा तेवढा ऑइलचा.

परंतु निळा धूर येतो का, एवढेच विचारून भागत नाही. तो केव्हा येतो, हा खरा प्रश्न. सिलिंडरमध्ये ऑइल शिरण्याच्या मुख्य वाटा दोन. एक खालून, झिजलेल्या रिंगांच्या बाजूने; दुसरी वरून, व्हॉल्व्हची दांडी ज्या गाइडमध्ये सरकते तिथल्या फटीतून. गाडी रात्रभर उभी राहिली, सकाळी सुरू करताच एक निळा भपकारा आला आणि मग धूर स्वच्छ झाला, तर संशय गाइडवर घ्यावा. रात्री ऑइल दांडीवरून हळूहळू खाली उतरलेले असते. उलट चढावर, इंजिनावर जोर पडताच धूर वाढत असेल आणि ब्रीदरच्या नळीतूनही धूर धापा टाकल्यासारखा येत असेल, तर रिंगा आणि बोअर यांच्याकडे पाहावे.

आमच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तेच १०८९ सीसीचे इंजिन, जे मूळच्या फियाट ११०० पासून कुर्ल्याच्या कारखान्यातल्या गाड्यांना बसत आले. ही गाडी निळा धूर सोडू लागली तेव्हा कोल्हापुरातल्या एका गॅरेजवाल्याने नेहमीचाच ‘बोअर’चा मंत्र म्हटला. आमचे तीर्थरूप हिशेबी माणूस. त्यांनी सपाट जागी, थंड इंजिनावर पट्टी पाहून ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरले, किलोमीटरचा आकडा वहीत टिपला आणि आम्ही आंबा घाटाने साखरप्याला जाऊन आलो. उतरताना गाडी सेकंड गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढलेला. घाट संपल्यावर पाय दाबताच मागे निळा ढग! परतीच्या चढावर मात्र धूर जवळजवळ नाहीच. कारण उघड आहे. थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये पोकळी सर्वांत जास्त होते आणि ती गाइडच्या फटीतून ऑइल ओढून घेते. (पीयूसीच्या तपासणीत पेट्रोल गाडीचा धूर ती जागेवर उभी असताना मोजतात, हा ढग तिथे दिसायचा कसा?)

नंतर दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले. चारही सिलिंडर चांगले आणि जवळपास सारखे भरले. एखादा कमी भरला असता, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे: आकडा वर उडाला तर दोष रिंगांचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. “काका, खालचं कशाला खोलायचं?” मिस्त्री वडिलांना म्हणाले. हेड उतरले, गाइड बदलले, व्हॉल्व्ह घासून बसवले. काम तेवढ्यावर भागले.

येथे प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. बोअर करणे म्हणजे सिलिंडरची धातू कापणे. प्रत्येक वेळी मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात, आणि ती मापे दोन-चारच असतात; ती संपली की स्लीव्ह. जी गाडी निघायची बंद होऊन दोन दशके उलटली, तिचा ब्लॉक विनाकारण कापणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य आपल्या हाताने खर्च करणे होय.

गॅरेजवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. हेड उतरवलेच आहे तर खालचेही उरकून घ्या, असे ते म्हणतात. कॉम्प्रेशन खरोखर उतरले असेल तर त्यांचे बरोबरच आहे. शिवाय कॉम्प्रेशन उत्तम असूनही खालची ऑइल-रिंग कार्बनने चिकटलेली असू शकते, विशेषतः महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत. म्हणून एका कसोटीवर विसंबू नये. आणि घाई असते ती बहुधा मालकालाच! संध्याकाळी गाडी हवी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने मिस्त्रींना घाट केव्हा दाखवायचा? माझ्या मते मालकाने गॅरेजची पायरी चढण्यापूर्वीच दोन-तीन आठवड्यांची नोंद करावी: किती किलोमीटरला किती ऑइल लागले, धूर सकाळी की चढावर की उतारावर, ब्रीदर तुंबला आहे का, पट्टीवरच्या खुणेच्या वर ऑइल भरले गेले नाही ना, आणि चारपैकी कोणता प्लग तेलकट निघतो. ती वही वाचण्याआधीच जो बोअरची गोष्ट काढील, त्याच्याकडे किल्ली देऊ नये.