रात्रपाळीत विचारणार कोण?

शोधनिबंध हातात आला की मी आधी नावं वाचते. सिव्हिलच्या मुलांच्या वॉर्डात परिसेविका म्हणून नोकरी झाली, तिथे लागलेली ही सवय. एमडी करणारी मुलं थिसिससाठी आमच्याकडून आकडे न्यायची. रात्री दोन वाजता टेम्परेचर, पल्स, लघवीचं माप टिपून ठेवायच्या आमच्या पोरी, आणि बाइंडिंग करून आलेल्या थिसिसमध्ये आभाराच्या पानावर खाली कुठेतरी ‘वॉर्डातील सर्व सिस्टर व कर्मचारी’ अशी ओळ. त्याचं वाईट वाटायचं असं नाही, पेढेही मिळायचे. पण तेव्हापासून कुठलंही संशोधन दिसलं की पहिली शंका हीच येते, की हे काम रात्री जागून प्रत्यक्ष कुणी केलं असेल?

आमच्याच वॉर्डात शिकून बालरोगतज्ज्ञ झालेल्या एका मुलीने मध्यंतरी मला एक अमेरिकन निबंध वाचायला दिला. २०१२ सालचा. तातडीच्या उपचारासाठी आलेल्या मुलाच्या मनात जीव देण्याचे विचार घोळताहेत का, हे काही मोजक्या प्रश्नांत कळेल का, एवढाच त्याचा विषय. वॉशिंग्टन, बॉस्टन आणि कोलंबस इथल्या मुलांच्या तीन रुग्णालयांत, १० ते २१ वयाच्या ५२४ मुलांना १७ प्रश्न विचारून पाहिले. त्याच बैठकीत जुनी, लांबलचक, खात्रीची प्रश्नावलीही भरून घेतली. दोन्ही ताडून पाहताना १७ पैकी चारच प्रश्न पुरेसे ठरले. खऱ्या धोक्यात असलेल्या शंभर मुलांमागे जवळजवळ सत्त्याण्णव जण या चार प्रश्नांत सापडतात. विचारायला मिनिटभरही लागत नाही. ‘एएसक्यू’ या नावाने हे प्रश्न आता बऱ्याच ठिकाणी वापरले जातात.

नावांकडे येते. पहिलं नाव लिसा होरोविट्झ यांचं. त्या मानसशास्त्रज्ञ, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या. त्याआधी अकरा वर्षं, २००१ मध्ये, त्यांनी अशीच एक छोटी प्रश्नावली तयार केली होती, पण ती मानसिक तक्रार घेऊनच आलेल्या मुलांसाठी होती. या वेळी ताप, फ्रॅक्चर, पोटदुखी घेऊन आलेल्यांनाही विचारलं. मनोविकारतज्ज्ञ मेरीलँड पाओ आहेत, तातडीच्या विभागातले बालरोगतज्ज्ञ स्टीफन टीच आहेत, जेफ्री ब्रिज आहेत. आणि त्याच यादीत, आभाराच्या पानावर नव्हे, एलिझाबेथ व्हार्फ आणि कॅथरीन जिनिस ही दोन नावं आहेत. या दोघी बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या समाजकार्यकर्त्या. आपल्याकडच्या भाषेत एमएसडब्ल्यू. जीव देण्याच्या उंबरठ्यावरून आलेल्या मुलाला थेट भरती करण्याऐवजी तातडीच्या विभागातच त्याला आणि आईवडिलांना समोरासमोर बसवून एका बैठकीत वाट काढायची, ही पद्धत याच दोघींनी बसवली आणि तपासूनही पाहिली.

मला त्या चार प्रश्नांपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं. प्रश्न छापून आणता येतात. मूल ‘हो’ म्हणाल्यावर त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसणारं माणूस छापून आणता येत नाही. ज्या टोळीत असं माणूस पहिल्या दिवसापासून असतं, तिचे प्रश्नही वेगळे होतात. ते छोटे होतात, पोरांना कळतील असे होतात, आणि उत्तर आल्यावर पुढे काय करायचं ते सोबत लिहिलेलं असतं.

आता आपल्या कॅज्युअल्टीत या. जीव द्यायचा प्रयत्न केलेलं मूल आलं की पोट साफ करणं, सलाईन, इंजेक्शन हे सगळं धडाधड होतं. त्यात आमची माणसं कुणाला ऐकणार नाहीत. मग एमएलसी होते. चौकीतून हवालदार येतो आणि जबाब लिहायला घेतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम सांगतं, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं, तिला शिक्षा करायची नाही, उलट तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी. जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तसं राहिलेलं नाही. पण हे त्या खाटेपर्यंत पोचतं कुठे? वडिलांनी वाटेतच पढवलेलं असतं, चुकून पोटात गेलं म्हणायचं. शाळेत काय सांगायचं, उद्या पोरीच्या लग्नाचं काय, ही चिंता त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसते. हवालदार काही दुष्ट नसतो, त्याला कागद पुरा करायचा असतो. ‘चुकून’ असं लिहिलं जातं, अंगठा किंवा सही होते, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. म्हणजे त्या मुलाला ‘का?’ असं पहिल्यांदा आणि शेवटचं विचारणारा माणूस गणवेशातला, आणि तेही सगळ्या भावकीसमोर.

आणि जी पोरं तशी येत नाहीत त्यांचं काय? त्या निबंधात शारीरिक तक्रारीसाठी आलेल्या मुलांमध्येही सुमारे चार टक्के धोक्यात निघाली. शंभरात चार. ज्यांना कुणी काही विचारायचं कारणच नव्हतं.

एक मुलगी आठवते. दहावीतली. पोटात दुखतं म्हणून पुन्हा पुन्हा यायची. सोनोग्राफी चांगली, रक्त-लघवी चांगली. राउंडला डॉक्टर विचारत, ती ‘बरं आहे’ म्हणे. आम्ही विचारलं तरी ‘बरं आहे’. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, लादी पुसणं, चादरी बदलणं हे त्यांचं काम. पोरींच्या केसांचा गुंता त्यांना बघवायचा नाही. दुपारी भेटायची वेळ संपली, नातेवाईक बाहेर गेले, की त्या कंगवा घेऊन खाटेवर बसायच्या. पोरीच्या पाठीमागे बसून, म्हणजे तोंडाकडे न बघता. दुसऱ्या वेणीपर्यंत त्या मुलीने मावशींना सगळं सांगितलं होतं. घरात काय चाललंय, कुणाची भीती वाटते, आणि मला आता नको वाटतं सगळं. मावशी हात धुऊन सरळ माझ्या टेबलाशी आल्या. ‘बाई, हिला एकटीला घरी सोडू नका,’ एवढंच म्हणाल्या. पुढचं नीट झालं, ते सांगत बसत नाही. केसपेपरवर मात्र ही माहिती ‘हिस्टरी गिव्हन बाय’मध्ये कुणाच्या नावावर लिहायची, हा प्रश्न तेव्हाच्या हाउसमनला खरोखरच पडला होता.

नातेवाइकांना बाहेर काढणं ही निम्मी लढाई असते. एएसक्यूचे प्रश्न विचारताना पालकांना बाहेर थांबायला सांगायचं असतं आणि त्यासाठी काय बोलायचं तेही तिथे लिहून ठेवलंय. आमच्याकडे लिहून ठेवून भागत नाही. आई, मावशी, चुलता, शेजारचा रिक्षावाला, सगळे खाटेला कोंडाळं करून. मी वडिलांना केसपेपरवर शिक्का आणायला खाली पाठवायची आणि आईला म्हणायची, ‘ताई, चहा घेऊन या, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही.’ शिक्क्याच्या खिडकीवरची रांग तेवढ्यापुरती उपयोगी पडायची, एरवी तिला आम्ही शिव्याच घालायचो.

‘असं विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेलं येईल’, ही भीती मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकली आहे. तिची परीक्षा कधीच होऊन गेली. मॅडलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांतल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर ती घेतली. २००५ मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षांत विचारल्यामुळे विचार वाढल्याचं दिसलं नाही. आणि होरोविट्झ यांच्या सोबतच्यांनी तर मुलांनाच विचारलं, की दवाखान्यात असं विचारावं का? दहापैकी नऊहून जास्त मुलं ‘विचारावं’ म्हणाली. आपण मोठेच उगाच कचरतो.

तिकडे सगळं आलबेल आहे, असंही समजू नये. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या, बालमनोविकारतज्ज्ञांच्या आणि मुलांच्या रुग्णालयांच्या संघटनांनी मिळून मुलांच्या मानसिक आरोग्याची राष्ट्रीय आणीबाणीच जाहीर केली. मनोविकार विभागात खाट मिळेपर्यंत मुलं तातडीच्या विभागातच दिवस दिवस पडून राहतात, ही त्यांची जुनी रड आहे. विचारणाऱ्याच्या मागे यंत्रणा नसली की असं होतं. तरी त्यांचं एक घेण्यासारखं आहे. असा धोका ओळखण्याचं पुढचं मोठं काम तिथल्या मुलांच्या तातडीच्या विभागांच्या जाळ्यात झालं, मिशिगन विद्यापीठाच्या शेरिल किंग यांच्या पुढाकाराने. त्यात अमेरिकी आदिवासींसाठीचं एक रुग्णालयही होतं. प्रश्न विचारून मंडळी थांबली नाहीत. तीन महिन्यांनी घरी फोन करून त्या किशोरांचं काय झालं ते विचारलं. ते फोन कुणी केले त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. पण न उचललेला फोन पुन्हा लावणं, आईने ‘तो झोपलाय’ म्हटल्यावर संध्याकाळी परत लावणं, हे काम काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. २०२१ च्या त्यांच्या निबंधातले आकडे त्या फोनांवर उभे आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक त्याच वर्षी सुरू झाला. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरोघरी माहीत असायला हवा. पण कॅज्युअल्टीत पडलेलं मूल फोन लावत नाही. त्याच्याजवळ कुणीतरी जावं लागतं.

गंमत बघा, भारतात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची पहिली नेमणूक झाली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९४६ साली. म्हणजे ही वाट आपल्याच राज्यातून निघाली. सरकारी भाषेत पदाचं नाव ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’. मी जिथे नोकरी केली तिथे हे गृहस्थ एकटे होते, दिवसपाळीला, आणि त्यांचा सगळा दिवस रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि योजनेचे फॉर्म यांत जायचा. संध्याकाळी सहानंतर ते नसत. आमच्याकडे अशी मुलं यायची ती मात्र बहुतेक अंधार पडल्यावर, निकालाच्या दिवशी, घरातल्या भांडणानंतर.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. ती प्रश्नावली मराठीत आणा, जरूर आणा. आमच्या पोरी दोन दिवसांत शिकतील. पण आणण्याआधी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आकृतिबंधात तातडीच्या विभागासाठी तिन्ही पाळ्यांना समाजसेवा अधीक्षक धरा. त्याच्याकडे योजनेचे फॉर्म देऊ नका. हवालदाराच्या आधी त्याने मुलाला भेटायचं, हा नियम करा. आणि कृपा करून ही माणसं अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर घेऊ नका. डिसेंबरात ज्या पोराशी बोलला, त्याला मार्चमध्ये फोन करायचा आहे. तोवर त्याची ऑर्डर संपून खुर्चीवर दुसराच कुणी आला, तर त्या पोराने त्याच्याशी काय बोलायचं? वर्षभर ही नोंद नीट ठेवली तर महाराष्ट्राच्या कॅज्युअल्टीतला पहिला असा निबंध आपल्या सिव्हिलमधूनच निघेल. लिहायला एमडीची मुलं आहेतच. फक्त लेखकांच्या यादीत त्या एमएसडब्ल्यूचं नाव घाला, आणि रात्रपाळीच्या अधिपरिचारिकेचंही.