सही करण्यापूर्वी

फेब्रुवारी २०१३मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटातला होडीवरचा वाघ ज्याने संगणकावर घडवला, त्या लॉस एंजलिसच्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ स्टुडिओने जेमतेम दोन आठवडे आधी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. सोहळा सुरू असताना बाहेर रस्त्यावर शेकडो इफेक्ट्स कलाकार निदर्शने करत होते. चित्रपटाने जगभरात ६० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. ज्यांच्या वाघावर तो उभा होता, त्यांच्यावर मात्र पगार थकवण्याची वेळ आली. काम ठरावीक रकमेत घ्यायचे, दिग्दर्शकाने बदल सांगितले की पुन्हा करायचे, वेळापत्रक लांबले तर तो खर्च स्वतः सोसायचा आणि तयार चित्रावर हक्क दुसऱ्याचा, अशी या व्यवसायाची रीत आहे. या स्टुडिओच्या शाखा मुंबई आणि हैदराबादेतही होत्या.

हे आज आठवायचे कारण महाराष्ट्र याच उद्योगात मोठी गुंतवणूक करायला निघाला आहे. मे २०२५मध्ये मुंबईत ‘वेव्हज’ परिषद झाली. त्यानंतर जुलैत पेडर रोडवरील राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या आवारात भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे पहिले संकुल सुरू झाले. केंद्राने या संस्थेसाठी सुमारे ४०० कोटींची तरतूद केली आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत तिला दहा एकर जागा मिळणार आहे. पाठोपाठ सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी २०५०पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा मंजूर केला. हे स्वागतार्हच आहे. पण या पैशातून नुसती कुशल माणसे तयार झाली आणि ती परक्याच्या वाघाला केस लावत बसली, तर ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’चाच प्रयोग आपण सरकारी खर्चाने पुन्हा लावू. म्हणून या योजनेत एक गोष्ट ठळकपणे हवी : माध्यमे आणि सर्जनशील उद्योगांतील उद्योजकतेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. तोही गुंतवणूकदारापुढे दहा मिनिटांत छाप कशी पाडावी हे शिकवणारा नको. हक्क, करार आणि हिशेब हा त्याचा कणा असला पाहिजे.

मुंबई-पुण्यात पहिली वेबमालिका लिहिणाऱ्या मुलाच्या हातात पडणारा करार पाहावा. इंग्रजीत पंधरा-वीस पाने असतात. त्यात कुठेतरी एक कलम असते : संपूर्ण विश्वात, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी हक्क कंपनीकडे. ‘विश्व’ हा शब्द तिथे विचारपूर्वक येतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. कंपनीच्या वकिलाला हे ठाऊक असते, म्हणून तो दोन्ही जागा भरून टाकतो. लेखकाला ठाऊक नसते, म्हणून तो सही करतो. २०१२च्या दुरुस्तीने करारावेळी अस्तित्वातच नसलेल्या माध्यमासाठीचे हस्तांतरण, त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर, निष्प्रभ ठरवले, चित्रपटातील गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क त्यांच्या इच्छेनेही कंपनीला सोडून देता येणार नाही असे केले; हेही त्याला कुणी सांगितलेले नसते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकाची कथा लेखी हस्तांतरण होईपर्यंत त्याचीच असते. याउलट पैसे घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. एकाच टोळीत काम करणाऱ्या दोन मित्रांची कायद्यापुढची स्थिती इतकी वेगळी आहे आणि दोघेही पदवीधर असून दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

थकीत बिलांचेही तेच. संकलक, ध्वनिमुद्रक, डिझायनर पैशासाठी महिनोन्‌महिने फोन करत राहतात. काम घेण्यापूर्वी ‘उद्यम’ नोंदणी केलेली असेल, तर २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा त्यांच्या बाजूने उभा राहतो : बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवले पाहिजे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला सुविधा परिषद. कारखानदारांना हा कायदा तोंडपाठ आहे. कलाकार मात्र स्वतःला सूक्ष्म उद्योग समजतच नाही आणि त्याच्या महाविद्यालयानेही त्याला तसे कधी समजावलेले नाही.

व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत की, मग हा वेगळा कशाला, असे विचारले जाईल. या मालाची जातच वेगळी आहे. साबण विकण्यापूर्वी बाजाराची चाचणी घेता येते. नाटक पहिल्या प्रयोगापर्यंत कुणालाच कळत नाही. सगळा खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंत होऊन जातो, पुढच्या प्रती जवळपास फुकट निघतात. एकाच कादंबरीतून नाटक, चित्रपट, श्राव्य पुस्तक आणि भाषांतर असे चार हक्क चौघांना विकता येतात, किंवा अज्ञानापोटी एकालाच एका रकमेत देऊन टाकता येतात. या व्यवहाराचे शास्त्र साबणाच्या पुस्तकात सापडणार नाही. ब्रिटनने १९९८मध्ये जाहिरातीपासून वास्तुकलेपर्यंतची तेरा क्षेत्रे ‘सर्जनशील उद्योग’ म्हणून एकत्र मोजली. तिथली विद्यापीठे या विषयात पदव्युत्तर पदवी देतात. आपल्याकडे कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मितीचे स्वतंत्र शिक्षण आहे, पण ते मुख्यत्वे पडद्यावरच्या माध्यमांपुरते.

आणि महाराष्ट्राला तर हा विषय परका नाही. विम्याची पॉलिसी तारण ठेवून लंडनला गेलेले दादासाहेब फाळके कलावंत होते तसेच उद्योजकही होते. भांडवलदाराला पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना टिपलेली छोटी फिल्म दाखवली. अशी खात्री आजही गुंतवणूकदार मागतो. पण १९१८मध्ये नाशिकला भागीदारीत कंपनी निघाल्यावर भागीदारांशी त्यांचे पटले नाही. ते बाहेर पडले, काशीला गेले, पुढे परतले तरी पहिली सत्ता हाती राहिली नाही. १९४४मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले ते विपन्नावस्थेत. प्रतिभा अस्सल होती, पैसाही उभा राहिला; भागीदारीतले अधिकार कुणाचे आणि किती, इथे सारे फिसकटले.

‘प्रभात फिल्म कंपनी’ची गोष्ट वेगळी. १ जून १९२९ला कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या चौघा कलावंतांनी सीताराम कुलकर्णी यांचे भांडवल घेऊन कंपनी काढली. प्रत्येकाचे खाते ठरलेले होते आणि पैसा आणणाराही बरोबरीचा भागीदार होता. वितरणाची बाजू सांभाळणारे बाबूराव पैही नंतर भागीदार झाले. १९४२मध्ये शांताराम बाहेर पडले आणि पुढच्या दशकात कंपनी मिटली, हेही विसरू नये. उत्तम जोडणीलाही विभक्त होण्याचे नियम आधी लिहून ठेवावे लागतात. पुण्यात ज्या आवारात ‘प्रभात’चा नंतरचा स्टुडिओ होता, तिथे १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांत तिने देशाला माणसे दिली. त्याच जागेवरची ही कंपनी तिथल्या वर्गात एक प्रकरण म्हणून, ताळेबंदासह अभ्यासली जावी.

शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न अवघड वाटतो तेवढा नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा समित्यांचे लोक तिथे येतात, तारखा जुळवतात, सुपारी ठरवतात, इसार देतात. फडमालकाने हंगामाआधीच कलाकारांना उचल दिलेली असते, ट्रक आणि जनरेटरचा खर्च डोक्यावर असतो, आणि पाऊस आला तर खेळ बुडतो. जोखीम, रोकड आणि माणसे एकाच वेळी सांभाळण्याचा यापेक्षा खडतर वर्ग कोणता? उचलीच्या व्यवहारात कलाकार वर्षानुवर्षे कसा अडकून पडतो, तेही विद्यार्थ्यांनी तिथेच पाहावे. नाटकांचे व्यवस्थापक, दिवाळी अंकांचे संपादक, कॉपीराइटचे वकील, सनदी लेखापाल हे सारे व्याख्यानापुरते पाहुणे न राहता प्राध्यापकाच्या बरोबरीने नेमले पाहिजेत. नेट-सेटची अट त्यांच्या आड येऊ नये.

वर्ग मराठीत चालावेत आणि करार इंग्रजीत वाचावेत. प्रवेश पदवीनंतर दोन-तीन वर्षे काम केलेल्यांना आधी मिळावा, कारण पहिला करार हातात पडल्याशिवाय कलमाचे वजन कळत नाही. प्रत्येक गटाने दोन वर्षांत एक खरा उपक्रम चालवावा : नाटकाचे काही प्रयोग, एखादी कॉमिक्सची मालिका, पॉडकास्ट किंवा गावपातळीवरचे वार्तापत्र. तो तोट्यात गेला तरी चालेल. परीक्षा त्याच्या जमाखर्चाची आणि करारांची व्हावी.

असा अभ्यासक्रम सगळे सोडवील, असे नाही. नवख्याने कलमावर बोट ठेवले, तर कंपनी दुसरा नवखा शोधते. गीतकार-संगीतकारांना २०१२चा कायदा मिळाला तो एकट्या-दुकट्याच्या हुशारीने मिळाला नाही. ते संघटित झाले, जावेद अख्तर यांनी संसदेत बाजू मांडली. म्हणून सौदा एकत्र कसा करायचा, सहकारी संस्था कशी उभारायची, हेही या वर्गात शिकवले गेले पाहिजे. सहकारात मुरलेल्या महाराष्ट्रात कलावंतांची वितरण सहकारी संस्था का नसावी?

मुंबई विद्यापीठ, पुणे विद्यापीठ आणि नवी सर्जनशील तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून हा अभ्यासक्रम जून २०२७पर्यंत सुरू करावा आणि त्याचा खर्च राज्याने मंजूर आराखड्यातूनच द्यावा. यंत्रसामग्रीच्या तुलनेत तो किरकोळ असेल. उच्च शिक्षण आणि सांस्कृतिक कार्य या दोन्ही खात्यांनी त्यासाठी एक संयुक्त समिती नेमावी, आणि तिच्यात किमान अर्धे सदस्य असे असावेत ज्यांनी स्वतः नाटक, फड, नियतकालिक किंवा स्टुडिओ चालवून पगार दिले आहेत.